चित्राचीही चिकित्सा हवी

इतिहासाच्या अभ्यासात आम्ही एक शिस्त शिकलो. शिलालेख असो वा बखर, साधन हाती आले म्हणजे सत्य हाती आले असे नव्हे. त्याची चिकित्सा करावी लागते. आकाशाच्या चित्रांनाही हाच नियम लावला पाहिजे, असे आमचे मत आहे.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ राइनहार्ड गेन्झेल यांचे कार्य या दृष्टीने मननीय आहे. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जागा त्यांच्या गटाने चिलीतील दुर्बिणींतून १९९०च्या दशकापासून अखंड नोंदल्या. त्यांतील ‘एस-२’ या ताऱ्याला एका प्रदक्षिणेस सुमारे १६ वर्षे लागतात. एक फेरी पाहण्यातच संशोधकाची उमेदीची वर्षे सरतात! त्याच काळात अमेरिकेच्या आंद्रिया गेझ यांचा प्रतिस्पर्धी गट हवाई बेटावरील केक दुर्बिणींतून तेच तारे मोजीत होता. दोन्ही गटांचे उत्तर जुळले: सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमान तेथे अत्यंत लहान जागेत सामावले आहे. २०२० साली रॉजर पेनरोज यांच्यासह या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या केंद्राचे तेजोवलयांकित चित्र प्रसिद्धही झाले नव्हते.

ते चित्र २०२२ साली आले. दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी संगणकावर जुळवून ते सिद्ध केले होते. पुढे २०२५ साली काही संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तशाच नोंदींतून अधिक निष्कर्ष काढले. गेन्झेल यांनी या प्रयत्नाचे स्वागत केले. मात्र कृत्रिम बुद्धिमत्ता हा रामबाण उपाय नव्हे आणि सदोष नोंदींमुळे निष्कर्ष भलतीकडे झुकू शकतात, असेही बजावले. आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसाची ही सावधगिरी आम्हांस मोलाची वाटते.

आज आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर चित्रांचा पूर लोटला आहे. ज्या समाजाला ‘लिहिले आहे म्हणून खरे’ असे सांगून पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसविले गेले, त्याच्या मुलांनी ‘दिसते आहे म्हणून खरे’ असे मानणे आम्हांस परवडणारे नाही.

यासाठी महागडी दुर्बीणच हवी असे नाही. वसतिगृहाच्या अंगणात एक काठी रोवावी. दोन विद्यार्थ्यांनी महिनाभर, एकमेकांना न विचारता, तिची मध्यान्हीची सावली मोजावी आणि मग वह्या समोरासमोर ठेवाव्यात. आकडे जुळले नाहीत तर शिक्षकाने निवाडा देऊ नये. दोघांना पुन्हा अंगणात पाठवावे. पालकांनीही मुलांना गुण विचारण्याआधी, ‘हे तू मोजलेस कसे?’ एवढे जरूर विचारावे.