अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

ठाकुरद्वारापासून मुगभाटापर्यंत आणि फणसवाडीपासून खोताच्या वाडीपर्यंत राहणाऱ्या समस्त घरमालक, भाडेकरू व दलाल मंडळींस सविनय निवेदन ऐसे की –

गिरगावात जागा भाड्याने देताना हल्ली जी जाहिरात केली जाते, तीत खोलीच्या लांबीरुंदीपेक्षा वस्तीचेच वर्णन अधिक असते. चौपाटी चालत जाण्याच्या अंतरावर, चिराबाजारची मासळी हाताशी, पाडव्याची शोभायात्रा गॅलरीतून दिसणारी, साहित्य संघाचे नाट्यगृह जवळच, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोचे स्थानकही दाराशी आलेले, अशी ही सारी मालिका एका श्वासात म्हणून दाखवल्यावर दलाल जो दरमहा आकडा उच्चारतो, तो खोलीचा नसून त्या मालिकेचा असतो, हे कोणत्याही सुज्ञ माणसाच्या तत्काळ ध्यानात यावे. मग आमचा साधा प्रश्न असा की, या मालिकेतील कोणती वस्तू घरमालकाने निर्माण केली? समुद्र त्याने आणला नाही, मेट्रो सरकारने खणली, आणि उरलेले जे काही आहे, ते पिढ्यानपिढ्या भाडे भरून राहणाऱ्या बिऱ्हाडकरूंनी केलेले आहे. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा तेथे राहणाऱ्यांच्या खिशात मालकी हक्काचे दस्तऐवज नव्हते, भाड्याच्या पावत्या होत्या. वाचनालये, व्यायामशाळा, नाटकांच्या तालमी, दहीहंडीच्या रात्री जागवणारी पोरे, अडल्यानडल्याला मध्यरात्री दार वाजवण्याचा हक्क, या सगळ्याला मिळून जे रूप आले, त्यालाच आज ‘लोकेशन’ म्हणून बाजारात उभे करण्यात आले आहे. ज्यांनी ही रौनक आणली त्यांच्याच जातकुळीच्या माणसांकडून तिची किंमत वसूल करायची, आणि वर त्यांना अकरा महिन्यांपलीकडे टिकू द्यायचे नाही, हा जो उफराटा व्यवहार चालला आहे, त्याविरुद्ध हे पत्रक आहे.

अकरा महिन्यांचे राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते भोगलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. करारावर सही होते त्याच दिवशी त्या कागदातले एक कलम बहुधा असे बजावते की, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. परिणामी घरातल्या वडीलधाऱ्यांची तसबीर कपाटावर टेकवून ठेवलेली, देव्हारा स्टुलावर, आणि घड्याळ फ्रिजच्या माथ्यावर, अशा अवस्थेत संसार मांडला जातो. माळ्यावर टाकलेले दोन-तीन खोके मुद्दामच उघडले जात नाहीत, कारण पुन्हा बांधायचेच आहेत. पहिले दोन महिने पाणी किती वाजता येते, दूध कोण आणून देतो, कोपऱ्यावरचा वाणी महिन्याच्या खात्यावर माल देतो की नाही, हे उमगण्यात जातात. पुढचे सात महिने खरोखरीच्या राहण्याचे. आणि नववा संपतो न संपतो तोच दलालाचा फोन खणखणतो की, ‘शेठ विचारतायत, रिन्यू करायचं की पार्टी आणू?’ येथून पुढचे दिवस घासाघिशीत, टेम्पोचे भाडे काढण्यात आणि मुलाच्या शाळेपासून नवी जागा किती लांब पडेल याच्या हिशेबात संपतात. आधारवरचा पत्ता बदलून होतो तोवर तो पत्ताच जुना झालेला असतो; मतदारयादीतले नाव एका वॉर्डात, माणूस दुसऱ्यात.

गणपतीची वर्गणी मात्र त्याच्याकडून इतरांसारखीच घेतली जाते. मंडळाच्या कार्यकारिणीत त्याला घ्यावे असे कोणी सुचवलेच, तर ‘तो काय, पुढच्या वर्षी असेल की नसेल’ असे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरात दुष्टावा नसून व्यवहारच असतो, हीच खरी खेदाची बाब. ज्याला पुढच्या वर्षी आपण असू याचा भरवसा नाही, तो जिन्यातला दिवा गेला म्हणून तक्रार करीत नाही, नळाच्या वेळेसाठी वॉर्ड ऑफिसात हेलपाटे घालीत नाही, शेजारच्या म्हातारीची औषधे कोणत्या दुकानातून आणायची हे त्याला ठाऊक होण्यापूर्वीच तो निघून गेलेला असतो. अशी माणसे निम्म्या इमारतीत भरली की ती इमारत लॉजिंग होते. तिच्यात वस्तीपण उरत नाही. आणि वस्तीपण गेल्यावर त्या ‘लोकेशन’चा भाव कोण देईल, याचा विचार घरमालक मंडळींनीच करावा.

आता या अकरा महिन्यांचे मूळ पाहू. १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. ती सक्ती, तिच्याबरोबर येणारा मुद्रांक आणि सरकारदप्तरी होणारी नोंद टाळण्यासाठी देशभरात अकरा महिन्यांची ही पळवाट रूढ झाली. परंतु महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बुजलेली आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या पंचावन्नाव्या कलमाने लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे व नोंदवला पाहिजे असे ठरवले, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली, आणि त्यात कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही लिहून ठेवली. एवढेच नव्हे, तर असा लेखी व नोंदलेला करार नसेल तेथे भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खऱ्या मानल्या जातील असेही तेच कलम म्हणते. म्हणजे मुदत अकरा महिन्यांची असो, तेवीस महिन्यांची असो वा साठ महिन्यांची असो, नोंदणी चुकत नाही ती नाहीच. ज्या कारणासाठी अकराचा आकडा जन्मला ते कारण या राज्यात पाव शतकापूर्वी मेले, आणि तरी दरसाल त्याचे श्राद्ध आपण घालीत आहोत, तेही भाडेकरूच्या खर्चाने.

घरमालकांच्या बाजूने जे म्हटले जाते, ते आम्ही टाळू इच्छीत नाही, कारण त्यात एके काळी तथ्य होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर जखडून टाकली; ज्या भाड्यात इमारतीचा जिनाही धड झाडून निघत नव्हता ते भाडे घेत मालकांच्या दोन पिढ्या गेल्या, आणि दुरुस्तीअभावी चाळींचे टेकू वाढत गेले. पुढे १९७३ साली कायदा बदलला, तेव्हा त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे लीव्ह अँड लायसन्सने राहत होते त्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, आणि ज्याने चार दिवसांसाठी म्हणून खोली दिली त्याची खोली हातची गेली. या आघाताची धास्ती घरोघर सांगितली जाते व ती खोटी नाही. परंतु धास्ती खरी असली तरी तिचा आधार आज उरलेला नाही. चालू कायद्याच्या चोविसाव्या कलमानुसार मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाविरुद्ध मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, कब्जा मिळवावा, आणि तो जितके दिवस अडून राहिला तितक्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे वसूल करावेत, अशी सोय आहे. करार अकरा महिन्यांचा होता की पाच वर्षांचा, हे ते कलम विचारीत नाही. अल्प मुदतीने मालकाला काडीचेही अधिक संरक्षण मिळत नाही. कायदा राहणाऱ्याला भाडेकरू न मानता मालकाच्या परवानगीने राहणारा इसम मानतो, हेच त्याचे संरक्षण आहे आणि ते पाचव्या वर्षीही तितकेच शाबूत असते.

मग अकराच्या आकड्यावर जगते कोण? त्यासाठी थोडा हिशेब मांडू. दरमहा चाळीस हजार भाडे आणि एक लाख अनामत असा व्यवहार धरा. भाडेवाढ तूर्त बाजूला ठेवा. मुद्रांक कायद्याच्या छत्तीस-अ अनुच्छेदान्वये साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर एकूण भाडे आणि अनामतीवरील दरसाल दहा टक्के दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक लागतो. पाच वर्षांचा एकच करार केला तर मुद्रांक ६,१२५ रुपये आणि शहरी हद्दीतील नोंदणी शुल्क १,००० रुपये. तोच व्यवहार दरसाल नव्याने केला तर मुद्रांकाची पाच वर्षांची बेरीज तेवढीच, नोंदणी शुल्क मात्र ५,००० रुपये. सरकारला चार हजार रुपये अधिक मिळतात, एवढाच काय तो फरक. परंतु दलाल दर नूतनीकरणाला एका महिन्याचे, फारच सौजन्य दाखवले तर अर्ध्या महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागतो, आणि ज्या घराची किल्ली भाडेकरूच्या खिशात वर्षभर आहे तेच घर त्याला ‘मिळवून दिल्याबद्दल’ पुन्हा वीस ते चाळीस हजार उकळतो. प्रथम जागा दाखवणाऱ्याने मेहनताना घ्यावा, त्यास आमची हरकत नाही. दुसऱ्या वर्षापासूनचा पैसा कोणत्या कामाचा, हे कोणीतरी एकदा खुलेपणाने सांगावे.

सोसायट्यांच्या समित्यांनीही येथे जरा आरशात पाहावे. सभासदाने घर भाड्याने दिले तर बिनवहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येणार नाही, असा राज्य शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. तरीही ‘ट्रान्सफर’, ‘शिफ्टिंग’, ‘लिफ्ट’ अशा नाना नावांनी पावत्या फाडल्या जातात, व त्या शेवटी भाडेकरूच्याच गळ्यात पडतात.

आणि पैशापलीकडची जी उलटतपासणी होते, तिचे काय? माणूस नोकरी काय करतो हे विचारण्याआधी तो काय खातो हे विचारले जाते. चिराबाजारच्या मासळीवर पोसलेल्या या गिरगावात नव्या मनोऱ्यांच्या तळाशी मासे खाणाऱ्याला जागा नाही असे सांगणारे निघतात, हा उर्मटपणा आम्ही निषेधार्ह मानतो. परंतु ते मनोरे तूर्त राहू द्या. आमच्याच चाळींत आडनाव ऐकून दार लोटून घेणारे, एकट्या राहू पाहणाऱ्या नोकरदार मुलीला ‘आई-वडील नाहीत का सोबत?’ म्हणून परत धाडणारे, आणि मुसलमान म्हटल्यावर ‘जागा कालच गेली’ असे न चाचरता सांगणारे काही थोडे नाहीत. दुसऱ्याच्या दारावर उभे राहून जो अपमान आपल्याला झोंबतो, तो आपल्या दारावर दुसऱ्याचा करताना न झोंबणे, ही गिरगावची परंपरा म्हणून मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे.

याहून कडू गोष्ट अशी की, अकरा महिन्यांचे करार करणाऱ्यांत मूळ इमारतमालकांखेरीज पागडीचे भाडेकरूही पुष्कळ आहेत. ज्यांचे आजोबा भाडे नियंत्रणाच्या कायद्याने तरले, ज्यांचे घर आजही जुन्या पावतीवर नगण्य भाड्यात चालते, ते डोंबिवलीस वा विरारला प्रशस्त जागा घेऊन गेले, आणि येथली दोन खोल्यांची जागा बाजारभावाने, कधी मालकाच्या संमतीने, बहुधा तिच्यावाचून, परक्याला देऊ लागले. स्वतःसाठी कायमचा हक्क आणि दुसऱ्यासाठी अकरा महिने, हा न्याय कोणत्या सभेत मान्य होईल? चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत हेच लोक पुढच्या रांगेत बसून ‘रहिवाशांचे हक्क’ मागतात, आणि प्रत्यक्ष रहिवासी गॅलरीत उभा राहून ऐकत असतो.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. यापुढे गिरगावात निवासी जागेचा कोणताही करार छत्तीस महिन्यांहून कमी मुदतीचा होऊ नये. भाडेवाढीचा दर पहिल्याच दिवशी कागदावर लिहावा. मालकाने मुदतीआधी घर मागू नये, भाडेकरूला मात्र दोन महिन्यांची सूचना देऊन जाता यावे, कारण बदली व नोकरी त्याच्या हातात नसते. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेऊ नये. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्याने निवासी जागांसाठी हीच मर्यादा सुचवली आहे, आणि राज्याने कायदा करेपर्यंत थांबण्याची सज्जनांना गरज नसते. नूतनीकरणाची दलाली कोणीही देऊ नये. आणि भिंतीला खिळा ठोकण्याची मुभा असावी; जाताना भोक बुजवून देण्याची हमी आम्ही घेतो.

ज्यांचा करार येत्या दोन-तीन महिन्यांत संपत आहे, त्यांनी दलालाला उत्तर देण्यापूर्वी थेट मालकाशी बोलावे, पंचावन्न आणि चोवीस ही दोन कलमे त्याला वाचून दाखवावीत आणि तीन वर्षांचा करार मागावा. मालकांपैकी पुष्कळांना कायदा बदलल्याची वार्ताच नाही. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांना कागद दाखवणे अधिक उपयोगी पडेल. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी येत्या गणेशोत्सवाची कार्यकारिणी निवडताना भाड्याने राहणाऱ्यांची नावे वर्गणीच्या वहीतून काढून उमेदवारांच्या यादीत घालावीत.

हे पत्रक वाचून झाल्यावर फेकू नये. जिन्यातल्या फळ्यावर लावावे किंवा समोरच्या बिऱ्हाडात द्यावे.