रिकाम्या जागांची यादी आधी, यंत्र नंतर

नोकरी शोधणारा आणि नोकरी देणारा यांची गाठ यापुढे कृत्रिम बुद्धिमत्ता घालून देईल, असा दावा हल्ली जोरात केला जातो. तरुणाने शिक्षण आणि अनुभव मोबाइलमध्ये भरायचा, कंपनीने गरज सांगायची, बाकीचे यंत्र पाहील. मध्ये ना ठेकेदार, ना वशिला. हा दावा तळोजा एमआयडीसीत नेऊन तपासावा. पनवेलजवळच्या या वसाहतीत रसायनांचे, इंजिनिअरिंगचे, मासळीप्रक्रियेचे कारखाने आहेत आणि भोवतीच्या गावांत आयटीआय झालेली मुले आहेत. कारखानदार म्हणतात कामाची माणसे मिळत नाहीत, मुले म्हणतात भरतीच निघत नाही. यंत्राचे पुरस्कर्ते याचे निदान चटकन करतात: दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, तो आम्ही देऊ. माझा आक्षेप या निदानालाच आहे.

कामगाराची माहिती गोळा करण्यात आपण कधीच कमी पडलो नाही. सेवायोजन कार्यालयातल्या कार्डांपासून 2015च्या नॅशनल करिअर सर्व्हिसपर्यंत आणि राज्याच्या महास्वयंम् पोर्टलपर्यंत नोंदणी करणाऱ्यांची रांग अखंड आहे; 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रमवर तर 30 कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. तुटवडा आहे तो दुसऱ्या बाजूच्या माहितीचा. रिकाम्या जागा कळवणे सक्तीचे करणारा कायदा 1959 मध्येच झाला होता. पण तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम त्यातून वगळलेले होते आणि सेवायोजन कार्यालयाकडूनच माणूस घेण्याचे बंधन मालकावर नाही, हेही त्यातच लिहिलेले होते. आता त्याची जागा 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. जागा दडवण्याची सवय मात्र कायदा बदलला म्हणून जात नाही. कारखान्यातले पॅकिंगचे, लोडिंगचे, हेल्परचे, पुष्कळदा ऑपरेटरचेही काम ठेकेदाराच्या हजेरीपटावर चालते. एक माणूस गेला की ठेकेदार दुसरा आणतो, त्याचा गेटपास होतो, पाळी सुरू राहते. जागा रिकामी झाली आणि भरली, तरी ती कुठे जाहीर झालीच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ठेकेदाराचा खरा उपयोगही पुरस्कर्त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. माणूस शोधून देणे हे त्याचे दुय्यम काम. माणूस नको झाला की विनातक्रार कमी करून देणे, हे मुख्य. ते काम हिरावून घेणारे सॉफ्टवेअर कोणता कारखानदार विकत घेईल?

यावर उत्तर येते की निदान यंत्र तरी जात, धर्म, गाव पाहणार नाही. माणूस ते पाहतो, हे निर्विवाद आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी क्षेत्रातल्या जाहिरातींना समान पात्रतेचे, फक्त वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून 2007 मध्ये दाखवले की दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी होती. परंतु यंत्र शिकते ते याच माणसांनी केलेल्या निवडींवरून. अ‍ॅमेझॉनने उमेदवारांना गुण देणारी अशी प्रणाली बनवली होती. दहा वर्षांच्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवर शिकलेली ती प्रणाली महिला महाविद्यालयांतल्या पदवीधरांना खाली ढकलू लागली आणि कंपनीला ती गुंडाळावी लागली, हे 2018 मध्ये उघड झाले. आपल्याकडे नाव झाकले तरी आडनावाची खबर शाळा, वस्ती आणि गाव देतातच. शिवाय आंदोलनाच्या गावचा मुलगा नको, असे एखाद्या व्यवस्थापकाला वाटत असेल, तर निदान त्याला जाब विचारता येतो. यंत्राने दिलेल्या गुणांना जाब कोण विचारणार?

तरीही यंत्र नकोच, असे मी म्हणत नाही. त्याचे एक काम फार मोलाचे आहे आणि जुन्या कार्डांना ते कधीच जमले नाही. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ असे असते आणि मागणी ‘रिअ‍ॅक्टर चालवणारा पाहिजे’ अशी येते. या दोहोंतले नाते कारकुनाच्या सांकेतिक क्रमांकाने ओळखणे कठीण होते. भाषा समजणारे यंत्र ते ओळखू शकते. शिपयार्डमधला वेल्डर टाकी बांधणीच्या कामावर चालेल का, बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र कोणत्या वर्गाचे लागेल, कोणत्या मुलाला एका लहान अभ्यासक्रमाची जोड दिली की तो बसेल, हे सारे मराठीत बोलून विचारता आले तर पोर्टलपुढे अडखळणाऱ्याला मोठा आधार होईल. पण यासाठी आधी दोन्ही पक्षांची नोंदणी हवी. तशी व्यवस्था महाराष्ट्राने कॉम्प्युटरच्या आधीच करून दाखवली आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या 1969च्या माथाडी कायद्याने कामगाराबरोबर मालकाचीही नोंद मंडळाकडे सक्तीची केली आणि मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली. त्या मंडळांत पुढे दोष शिरले, बोगस नोंदींच्या तक्रारी झाल्या, हे मान्य. पण मालकाला नोंदवहीत आणल्याशिवाय कामाचे वाटप होत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

शेवटचा आक्षेप कारखानदारांचा: आमची भरती हा आमचा खासगी प्रश्न. तो पूर्ण खासगी नाही. वसाहतीची जमीन सरकारने कायद्याच्या बळावर संपादित केली, पाणी आणि रस्ते सार्वजनिक यंत्रणेने दिले. त्या बदल्यात जागांची माहिती मागणे ही जुलूमजबरदस्ती नव्हे. न्यूयॉर्क शहराने 2023 पासून भरतीच्या स्वयंचलित साधनांची दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून पक्षपाताबाबत तपासणी बंधनकारक केली, युरोपीय संघाने 2024च्या कायद्यात अशी साधने अतिजोखमीची ठरवली. आपल्याला त्याआधीची एक पायरी चढायची आहे. तळोज्यातल्या प्रत्येक कारखान्याने ठेकेदारामार्फत भरल्या जाणाऱ्या जागांसह आपल्या सगळ्या रिकाम्या जागा दर महिन्याला जाहीर कराव्यात आणि नाकारलेल्या उमेदवाराला कारण लेखी कळवावे, अशी अट उद्योग विभागाने घालावी. तोवर यंत्रावर सरकारी पैसा खर्च करू नये.