कातड्याची पावती द्या, मगच सुरी लावा!



गायरानाच्या लढ्यानं आपल्याला एक गोष्ट शिकवली. ज्याच्याजवळ कागद, त्याची जमीन. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय सरकारनं 1991 साली काढला. तेव्हा ज्यांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या होत्या, त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. ज्यांनी अंगठा दिला पण पावती घेतली नाही, ते अजून कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. हाच हिशोब आता अंगावरच्या कातड्यालाही लावायला पाहिजे.

घनसावंगीच्या आसपास भिल्ल-पारध्यांच्या वस्त्यांवर चट्टे तपासायला गाडी येते. येऊ द्या. कुष्ठरोग, ज्याला आपले म्हातारे रगतपिती म्हणतात, तो लवकर सापडला तर सहा महिने ते एक वर्ष गोळ्या खाऊन बरा होतो. गोळ्या फुकट आहेत. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचेवर रस घेतात, ती तपासणी रोग्याच्या भल्याची आहे. ती करून घ्यायला कुणीही लाजू नये, भिऊ नये.

पण मागच्या खेपेला गोष्ट तिथं थांबली नाही. सुन्न करायची सुई टोचून काही जणांच्या चट्ट्यातून डाळीएवढा तुकडा काढला, बाटलीत टाकला, बाटलीवर आकडा लिहिला. इंग्रजी कागदावर अंगठे घेतले. "कशाला पाहिजे?" असं विचारलं तर "तपासायला" एवढंच उत्तर. निकाल कुणाच्या हाती आला नाही. दिवाळी झाली, माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेली. बाटल्या कुठं गेल्या?

तपासणी वेगळी आणि साठवण वेगळी. औषधाच्या पाण्यात मुरवून मेणाच्या वडीत बसवलेला कातड्याचा तुकडा पन्नास-पन्नास वर्षं टिकतो. माणूस मरतो, तुकडा राहतो. आज एका रोगासाठी घेतलेला तुकडा उद्या दुसऱ्याच कामाला लावता येतो. म्हणून "तपासायला" म्हणून घेतलेल्या अंगठ्यावर साठवण करणं म्हणजे भाडेपट्टा सांगून खरेदीखत करून घेणं.

या तुकड्याला मोल आहे, हेही समजून घ्या. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेच्या काचेत वाढता वाढत नाही. शास्त्रज्ञांनी तो उंदराच्या पायात वाढवला, अमेरिकेतल्या खवल्यांच्या एका प्राण्यात वाढवला. पण मुळात तो येतो रोग्याच्या अंगातूनच. मुंबईला परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात 1958 साली कुष्ठरोग्याच्या गाठीतून घेतलेल्या मालावर जंतू वाढवले गेले. पुढं त्यांच्यापासून लस तयार झाली. त्या कामात असलेल्या डॉ. कमल रणदिवे यांना 1982 साली पद्मभूषण मिळालं. मिळायलाच पाहिजे होतं. आमचं म्हणणं एवढंच, की ज्याच्या गाठीतून हे सारं निघालं तोही या कामात भागीदार असतो, कच्चा माल नसतो.

कुणी म्हणेल, अडाण्यांना काय विचारायचं? नॉर्वे देशात ज्या डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली हा जंतू शोधला, त्यांनी 1879 साली एका रोगी बाईच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रोग्याच्या गाठीतला माल टोचला. खटला झाला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्या दवाखान्यातली त्यांची जागा गेली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या गरीब बाईला जो न्याय मिळाला, तो आज आम्हाला का नको?

आणि न विचारलेल्या मालाचं काय होतं, तेही बघा. पापुआ न्यू गिनीतल्या हगाहाय आदिवासींचं रक्त घेतलं, आणि त्यातल्या पेशींवर 1995 साली अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेच्या नावानं पेटंट निघालं. जगभर बोंब झाली तेव्हा ते सोडून द्यावं लागलं. जंगल गेलं, गायरान चाललं, आता रक्त-कातड्याचाही सातबारा दुसऱ्याच्या नावानं?

पारध्यांना तर हे नवं नाही. इंग्रजांनी त्यांना जन्माचे गुन्हेगार ठरवून बोटांचे ठसे वहीत घेतले. कायदा 1952 ला गेला, संशय अजून गेला नाही. बाटलीवर जात आणि गाव लिहिलं, की उद्या कुणीही म्हणेल, "रोग याच जातीत आहे."

आम्ही संशोधनाच्या आड येत नाही. रोग आमच्या पोरांना होतो, औषधाची गरज आम्हालाच जास्त आहे. पण या अटी मान्य असतील तरच हात लावा:

1. आधी वस्तीची बैठक, आमच्या बोलीत, बायांसमोर. मग एकेकाला वेगळं विचारायचं.
2. तपासणीचा अंगठा वेगळा, साठवणीचा वेगळा. नाही म्हटलं तरी गोळ्या बंद होता कामा नयेत.
3. मराठीत पावती: काय घेतलं, कशासाठी, कुठं ठेवणार, किती वर्षं.
4. निकाल रोग्याच्या हातात. तो ऊसतोडीला गेला असेल तर परत आल्यावर, पण गुपचूप.
5. नवं काम काढलं तर नव्यानं विचारायचं. तुकडा परत मागितला तर द्यायचा किंवा नष्ट करून तसं लिहून द्यायचं.
6. त्यातून औषध निघालं तर ते पहिल्यांदा आमच्या वस्तीच्या दवाखान्यात, फुकट.

पुढची गाडी यायच्या आत प्रत्येक वस्तीनं बैठक घेऊन हा ठराव वहीत लिहावा. ज्यांचे तुकडे गेलेत त्यांनी नाव, तारीख आणि गाडीचा नंबर संघटनेकडं द्यावा. त्या बाटल्यांचा हिशोब आपण मिळून मागू.

पावती नाही, तर अंगठा नाही!