अर्धे अण्णा

उत्तर बंगालातल्या छावणीत पोस्टिंग झाल्यापासून रजेहून परतायचा माझा रस्ता ठरलेला आहे. मेलने हावड्याला उतरायचं, हुगळी ओलांडून सियालदहला यायचं आणि रात्रीच्या दार्जिलिंग मेलची वाट बघायची. या खेपेस सोबत आमच्याच कंपनीतला साताऱ्याकडचा एक पोरगा होता. पहिलीच लांबची रजा संपवून निघालेला, त्यामुळे चेहरा पडलेला. हातात पाच तास होते. ट्रंका क्लोकरूममध्ये टाकल्या आणि त्याला म्हटलं, "चल, पाय मोकळे करू."

सियालदहबाहेर कोले मार्केटच्या भाजीच्या ढिगांतून वाट काढत आम्ही महात्मा गांधी रोडला लागलो. कॉलेज स्ट्रीट ओलांडून पुढे गेलं की लग्नाच्या बँडवाल्यांची दुकानं लागतात. हातभर रुंदीचे गाळे, भिंतीवर लटकवलेले ड्रम, पितळी वाद्यं आणि जरीचे लाल कोट. एका गाळ्याच्या पायरीवर बनियनवर बसलेला एक म्हातारा ट्रम्पेट वाजवत होता. सराव चालला असावा. त्याने 'ईना मीना डीका' काढलं आणि माझ्या पोराचे पाय आपोआप ठेका धरू लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं. मग म्हाताऱ्याने थोडा दम खाल्ला, पाणी प्याला आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' सुरू केलं. पोरगा साध्या कपड्यात होता, तरी त्याची पाठ ताठ झाली.

संपल्यावर तो म्हणाला, "साहेब, दुसरं गाणं केवढं मोठं! पहिलं आपलं उगाच, टाइमपास."

मी विचारलं, "चाली कोणाच्या आहेत, माहीत आहे?"

"वेगवेगळ्या माणसांच्या असतील की."

नाही, मित्रांनो. एकाच माणसाच्या आहेत, आणि तो माणूस मराठी आहे. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा. जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबा, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. दौंड-मनमाड मार्गाने रजेवर जाणारा आपल्याकडचा प्रत्येक जवान त्या स्टेशनावरून जातो. त्या पोराचीही गाडी तिथूनच गेली होती.

माझं भांडण त्या पोराशी नाही. पहिलं गाणं उगाच आणि दुसरं मोठं, हे त्याला ज्यांनी शिकवलं त्यांच्याशी आहे. अण्णांचे आम्ही दोन तुकडे केले. रडवणारा तुकडा देवघरात ठेवला आणि नाचवणारा अडगळीत टाकला.

मागच्या वर्षी २६ जानेवारीला मी रजेवर होतो. तालुक्याच्या एका मंडळाने देशभक्तिपर गीतांच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं यथासांग. निवेदिकेने विचारलं, "साहेब, तुमची एखादी आवड?" मी म्हटलं, "सी. रामचंद्रांचंच गाणं म्हणा. 'शोला जो भडके'." सभागृहात हशा पिकला. कार्यवाह माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, आज तरी असलं नको. तुमच्या गणवेशाला शोभत नाही." गणवेश माझा, आणि त्याला काय शोभतं ते ठरवणार हे!

म्हणून आधी 'असलं' म्हणजे काय ते बघू.

१९४७ साली 'शहनाई'त अण्णांनी 'आना मेरी जान संडे के संडे' केलं, तेव्हाच जाणत्या मंडळींनी नाकं मुरडली. १९५१ साली 'अलबेला' आला. नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, आपले भगवानदादा. पडद्यावर भगवानदादा आणि गीता बाली, आवाज लता मंगेशकर आणि खुद्द चितळकर यांचे. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट असा सगळा साज आहे. अण्णांबरोबर काम करणारा चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला त्या सिनेमात आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. तेव्हा 'रॉक अँड रोल' हा शब्द आपल्याकडे पोचायचा होता.

मग १९५७ चा 'आशा'. दिग्दर्शक एम. व्ही. रामन, गीतकार राजेंद्र कृष्ण. 'ईना मीना डीका' एकदा किशोरकुमारच्या आवाजात, एकदा आशा भोसलेंच्या. हिंदी सिनेमातलं पहिलं खरंखुरं रॉक अँड रोल म्हणून हेच गाणं सांगितलं जातं. खोलीबाहेर खेळणाऱ्या पोरांची बडबड अण्णांच्या कानावर पडली आणि त्यांच्या गोव्याच्या सहायकाने त्यात 'मला नको' अशा अर्थाचे कोकणी शब्द घुसवले, अशी त्याची कथा सांगतात. ते गाणं हेडफोन लावून नीट ऐका. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एकमेकांना कसे टोकतात, किशोर श्वास कुठे घेतो तेच कळत नाही, आणि एवढ्या धावपळीत ठेका कुठेही लडबडत नाही. परेडवर तीस माणसांचं पाऊल एकत्र पाडायला काय लागतं ते मला माहीत आहे. 'ईना मीना डीका'मध्ये ती शिस्त आहे. ज्यांना ते धांगडधिंगा वाटतं त्यांनी ते नीट ऐकलेलं नाही.

"पण त्या चाली उचललेल्या होत्या," असं एक मास्तर मला म्हणाले. काही होत्या. 'समाधी'तल्या 'गोरे गोरे'ची चाल लॅटिन धर्तीच्या एका परदेशी गाण्यावरून आली, हे जगजाहीर आहे. पण 'अनारकली', 'आझाद', 'नवरंग' याच अण्णांचे, आणि त्यांचं कौतुक करताना हे मास्तर थकत नाहीत. उसनवारीचा हिशेब काढायचाच तर सगळ्या वहीचा काढा. नाचवणाऱ्या पानावर लाल शाई आणि रडवणाऱ्या पानावर हळद-कुंकू, हा कुठला न्याय?

हा सोवळेपणा आजचा नाही. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, तेही मराठीच. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली. ज्या वर्षी 'ईना मीना डीका' आलं, त्याच वर्षी. त्याच विविध भारतीवर फौजी भाईंसाठी 'जयमाला' आली. माझ्या आधीच्या पिढीच्या सुभेदारांनी चौकीवर ट्रान्झिस्टर कानाला लावून ती ऐकली आहे. फौजींच्या त्या फर्माइशींत देशभक्ती होती, विरह होता, आणि उडती गाणीही होती. बर्फात बसलेल्या माणसाला कोणी विचारलं नाही की बाबा, हे तुला शोभतं का?

गणवेशाला रॉक अँड रोल शोभत नाही म्हणणाऱ्यांना मी एल्व्हिस प्रिस्लीचं उदाहरण देतो. 'जेलहाऊस रॉक' १९५७ चा, म्हणजे 'आशा'च्याच वर्षाचा. १९५८ च्या मार्चमध्ये तो अमेरिकी सैन्यात गेला. जर्मनीत चिलखती डिव्हिजनमध्ये साध्या सैनिकासारखी नोकरी केली आणि मार्च १९६० मध्ये सार्जंट होऊन बाहेर पडला. त्याच वर्षी त्याची 'एल्व्हिस इज बॅक' ही रेकॉर्ड आली आणि 'जी. आय. ब्लूज' हा सिनेमाही. त्यात तो रणगाड्यावरचा शिपाई आहे आणि गातो आहे. त्याच वर्षी त्याने भक्तिगीतांचीही एक रेकॉर्ड काढली. पुढे स्पर्धेतली तीन ग्रॅमी पारितोषिकं त्याला मिळाली, ती तिन्ही भक्तिगीतांसाठी. तरी जग त्याला भजनी बुवा म्हणत नाही, रॉक अँड रोलचा राजाच म्हणतं. त्यांनी आपला माणूस अख्खा ठेवला. आम्ही आमचा कापला.

गैरसमज नको. 'ऐ मेरे वतन के लोगो' मला लहान वाटत नाही. १९६२ च्या पराभवानंतर २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी ते गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे. २०२२ पासून ते बीटिंग रिट्रीटला वाजू लागलं, 'अबाइड विथ मी'च्या जागी. ती चाल बिगुलावर असो की बाजारू ट्रम्पेटवर, माझ्या घशात आवंढा येतोच. पण ती चाल बांधणारा हात कोणता होता? ठेका कधी थांबवायचा हे त्यालाच कळतं, ज्याला तो कधी पळवायचा हे ठाऊक असतं. 'ईना मीना डीका' करणाऱ्या अण्णांनीच ते गाणं केलं. आधीचे अण्णा वाया गेलेले आणि नंतरचे सुधारलेले, अशी गोष्ट रचू नका.

आणि यात प्रश्न फक्त अण्णांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी माझा एक मित्र गेला. लढाईत नव्हे. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत गेली. बाराखान्याच्या रात्री तो भगवानदादांचा नाच करायचा. उडी नाही, गिरकी नाही. नुसते खांदे, नुसते हात, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाला माफ केल्यासारखं हसू. तो नाच अॅम्युनिशन बूट घालूनही करता येतो, म्हणून तो जवानांचा नाच आहे. 'शोला जो भडके' लागलं की लंगरचा स्वयंपाकीसुद्धा कलथा घेऊन बाहेर यायचा.

त्याच्या गावी श्रद्धांजलीची सभा झाली. फोटोला हार, लाऊडस्पीकरवर सकाळपासून 'ऐ मेरे वतन के लोगो', पुन्हा पुन्हा तेच. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर त्याच्या आईने मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "बाळा, तो नाचायचा ते गाणं कोणतं रे? सुट्टीत आला की लावायचा. मला नाव येत नाही."

मी मोबाइलवर लावलं. माउली पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "हां, हेच. असे खांदे उडवायचा."

दिवसभरात तिचा मुलगा त्या घरात आला तो तेव्हाच. सकाळपासून जो होता तो 'वीर जवान' होता. कुठल्याही फोटोखाली लावता येईल असा.

हे माझं भांडण आहे. तुम्हाला आमचं मरण गाता येतं. आमचं जगणं ऐकायला मात्र तुम्हाला लाज वाटते. जो तुमच्यासाठी मरू शकतो तो त्याआधी वीस-पंचवीस वर्षं हसला आहे, कॅन्टीनमध्ये उधारीवरून भांडला आहे, बेसूर गायला आहे, नाचला आहे. तो भाग वगळलात तर मागे पुतळा उरतो. आणि पुतळ्याला निवृत्तिवेतन लागत नाही, त्याच्या बायकोला नोकरी लागत नाही, त्याच्या आईची चौकशी करावी लागत नाही. वर्षातून दोनदा हार घातला की झालं.

अण्णा ५ जानेवारी १९८२ ला गेले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहून गेले. सरगमीत सात सूर असतात, एक नाही.

येत्या २६ जानेवारीला ज्या मंडळांना आमच्यापैकी कोणाला बोलवायचं असेल त्यांना नम्र विनंती. फेटा नको, शाल नको. 'ऐ मेरे वतन के लोगो' जरूर म्हणा, आम्ही उभे राहू. मग अण्णांचंच दुसरं एखादं म्हणा आणि आम्हाला नाचू द्या. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी पाहुणा म्हणून माझा विचार करू नये.

त्या रात्री सियालदहला गाडी फलाटावर लागली. ट्रंका बाकाखाली सरकवल्या, साखळ्या लावल्या. दक्षिणेश्वर मागे पडल्यावर वरच्या बर्थवरून पोराचा आवाज आला, "साहेब, ते पहिलं गाणं तुमच्याकडे आहे का?"

मी मोबाइल वर दिला. अंधारात त्याच्या पायाचा ठेका बर्थच्या फळीवर बराच वेळ ऐकू येत होता.

जय हिंद.