दोन तारा, एकच खांब!

जुन्या पीसीवर लिनक्स टाकून घरीच सर्व्हर चालवणारे आपल्या कॉलेजात काही कमी नाहीत. माझ्याही घरी असा एक डबा चोवीस तास घरघरत असतो. ग्रुपच्या प्रोजेक्टचा सगळा कोड त्यावर. सबमिशनच्या आदल्या रात्री नेट गेलं की चौघंही लटकले! यावर सल्ला ठरलेला, "दुसरं कनेक्शन घे की!" माझं म्हणणं एवढंच, की दुसरं बिल आलं म्हणजे दुसरी वाट मिळाली असं होत नाही.

गणितच करू. एक लाइन ९९ टक्के वेळ चालते असं धरा. म्हणजे वर्षाच्या ८७६० तासांपैकी सुमारे ८८ तास बंद. दोन्ही लाइनी एकदम बंद असण्याचा वेळ मात्र वर्षाला तासाभरापेक्षा कमी. झकास! पण राव, हा गुणाकार दोन्ही घटना स्वतंत्र असतील तरच चालतो. दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच खांबावरून येत असेल, तर एक उंच ट्रक दोन्हींना पुरतो. दोन्ही राउटर यूपीएसविना असतील, तर लाइट जाणं पुरतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या किनाऱ्याजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या दोन समुद्री केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातलं नेट रखडलं. केबल वेगळ्या, पण वाट तीच!

दुसरी गोम सर्व्हरची. बाहेर जाणारं ट्रॅफिक राउटर दुसऱ्या लाइनवर वळवतो. पण बाहेरून येणाऱ्याला पत्ता जुनाच ठाऊक असतो. डायनॅमिक डीएनएस लावलं तरी टीटीएल संपेपर्यंत तो जुन्याच दारावर टकटक करणार. त्यात मोबाइल डेटावर बहुधा सीजीनॅट, म्हणजे स्वतःचा पब्लिक आयपीच नाही. मग पोर्ट फॉरवर्ड करणार कुठे?

म्हणून माझं मत: एक फायबर, एक ४जी डोंगल, सगळ्याला छोटा यूपीएस, आणि घरातून भाड्याच्या व्हीपीएसपर्यंत वायरगार्डचा बोगदा. पत्ता व्हीपीएसचा, लाइन कुठलीही चालेल. लाइन जिवंत आहे का हे बघायला पिंग गेटवेला नको, त्याच्या पलीकडे करा. गेटवे अनेकदा घरातच असतो, मग तो 'हो' म्हणणारच!

आणि महिन्यातून एकदा मुख्य केबल स्वतःच्या हाताने उपटून बघा. ज्या बॅकअपची परीक्षा झाली नाही, तो पास झाला असं कोणी म्हणू नये!