कंत्राटी, स्थलांतरित व नाका कामगारांच्या मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. कामगार उपायुक्त,
नाशिक.

विषय : सातपूर औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या नोंदी कामगारांच्या हाती देणे व बुडालेल्या देण्यांसाठी मूळ मालकास जबाबदार धरणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे कामगार अशोकनगर, श्रमिकनगर, स्वारबाबानगर या भागांत भाड्याच्या खोल्यांत राहतो. आमच्यात बिहार-उत्तर प्रदेशचे आहेत, तसे सुरगाणा, पेठ, हरसूलकडचे आदिवासी आणि मराठवाड्यातले भूमिहीनही आहेत. बोली वेगळी असली तरी ठेकेदाराच्या वहीत सगळेच कच्च्या नोंदीवर. म्हणून निवेदन एकत्र देत आहोत.

पहिली तक्रार भविष्य निर्वाह निधीची. पगारातून १२ टक्के कपात होते, पण यूएएनला (निधीच्या खाते क्रमांकाला) मोबाइल नंबर ठेकेदाराच्या कारकुनाचा जोडलेला असतो. ओटीपी त्याला जातो, आम्हाला शिल्लकही कळत नाही. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, ठेका बदलतो, नवा ठेकेदार नवा यूएएन काढतो आणि आधीचे पैसे जुन्या खात्यात अडकतात. त्यात आधारवर नावाचे स्पेलिंग एक आणि यूएएनवर दुसरे. दुरुस्तीला अनेकदा जुन्या ठेकेदाराची मान्यता लागते, आणि त्याने तोवर फोन बदललेला असतो.

विम्याचे त्याहून वाईट. कपात ०.७५ टक्के असली तरी ई-पेहचान कार्ड हाती पडत नाही. प्रेसवर बोट गेले की मग विमा नंबर काढायची धावपळ सुरू होते. कामगार विमा रुग्णालय सातपुरातच आहे, तरी जखमी माणसाला खासगी दवाखान्यात नेतात आणि तिथे अपघात ‘घरी झाला’ असे सांगायला लावतात. पुढे अपंगत्वाचा लाभ मागायला आधारच उरत नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने फोटो लावलेले पासबुक द्यायचे होते. आमच्यापैकी कोणी ते पाहिलेले नाही. १ मे २०२० रोजी टाळेबंदीतली महाराष्ट्रातली पहिली श्रमिक विशेष गाडी नाशिकरोडहून भोपाळकडे निघाली, तेव्हा कोण कुठे कामाला होता याची यादी शोधावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात नोंदणीतल्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नियुक्तीपत्र सक्तीचे आहे, परप्रांतीय कामगाराला गावी जाण्या-येण्याचा भत्ता आहे. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० कामगारांपासून पुढे लागतात, आणि इथे एकच ठेकेदार भावाच्या, मेव्हण्याच्या नावाने तीन फर्म दाखवून त्या आकड्याखाली राहतो.

‘बाहेरच्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या’ हे वाक्य सातपूरने पुष्कळ ऐकले. फेब्रुवारी २००८ मध्ये हल्ल्यांच्या भीतीने परप्रांतीय कामगार इथून गावी पळाले. त्याने सुरगाण्याच्या पोराला कायम नोकरी मिळाली नाही. स्थानिकांना ८० टक्के प्राधान्याचा शासन निर्णय जरूर पाळावा, पण तो कायम नोकरीत. ठेक्यावर स्थानिक काय आणि परका काय!

सबब आमच्या मागण्या अशा : प्रत्येक कामगाराला त्याला वाचता येईल अशा भाषेत नियुक्तीपत्र व पगाराची स्लिप मिळावी. आपल्या पुढाकाराने भविष्य निर्वाह निधी व विमा महामंडळाच्या अधिकाऱ्यांसह वसाहतीतच, सुट्टीच्या दिवशी शिबिर घ्यावे. तिथे मोबाइल नंबर व नावे दुरुस्त करावीत, जुनी खाती जोडून द्यावीत. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा, हे कायद्यातच आहे. त्या पगाराची वसुली करावी. एकाच पत्त्यावरच्या फर्म एकत्र मोजाव्यात. पॅकिंग व साफसफाईच्या बायकांना त्याच कामाचा पुरुषांइतका पगार मिळतो का, हे हजेरीपत्रक उघडून पाहावे. सिंहस्थाची कामे जोरात असताना नाक्यावरच्या बांधकाम मजुरांना कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देत नाहीत. तो कामाच्या जागी तपासणी करून मिळवून द्यावा.

तक्रार करणाऱ्याचे नाव ठेकेदाराला कळू नये, ही विनंती वेगळी नोंदवतो. नाव कळले की दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही.

या निवेदनावर संबंधित खात्यांची संयुक्त बैठक लावून त्यात आमचे प्रतिनिधी बोलवावेत आणि बैठकीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
सातपूर परिसरातील कंत्राटी व नाका कामगार

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, नाशिक