स्पर्धेआधीचा सराव : किती आणि केव्हा

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा जवळ आल्या की निवासी शाळेत जिम्नॅस्टिक्सचा सराव सकाळ-संध्याकाळ आणि कधी कधी अभ्यासिकेच्या वेळीही चालतो. पालकांना ते पाहून समाधान वाटते. आम्हांला काळजी वाटते.

बीमवरील वा फ्लोअरवरील मुलींची रचना फार तर दीड मिनिटाची असते. एवढीशीच म्हणून ती दिवसातून दहादा करवून घेण्याचा मोह होतो. परंतु हातांवर आणि उतरताना पायांवर येणारा भार मिनिटांत मोजता येत नाही. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा कोवळा थर असतो. हाडाची लांबी तेथूनच वाढते. सततच्या भाराने तो दुखावतो. मूल मनगट चोळू लागले तर त्याला आळशी ठरवू नये.

म्हणून आधी सुटी कौशल्ये, मग अर्धी रचना, ती पक्की झाल्यावर जाड गादीवर उतरत पूर्ण रचना, असा क्रम असावा. पूर्ण रचना आठवड्यातून दोन-तीन दिवसच करावी. स्पर्धेच्या तोंडावर नवे अवघड कौशल्य घालू नये. आणि शेवटच्या आठवड्यात सराव वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. हे आपल्या समाजाला पटवणे सर्वांत कठीण. आपल्या लेकरांना इतरांच्या दुप्पट कष्ट करावे लागतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. अभ्यासाच्या बाबतीत ते खरेही ठरले. दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला तो न्याय लावता येत नाही.

महावग्गातील सोण कोळिविसाची कथा आपण धम्मवर्गात सांगतो. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तथागतांनी त्याला वहाणांची अनुज्ञा दिली. एकट्यासाठी ती घेण्यास तो राजी झाला नाही, म्हणून ती साऱ्या संघाला मिळाली. केवळ उपदेशावर भागले नाही, नियम बदलला.

आपल्याकडेही नियमच हवा. घरी जेवताना आईला सुजलेले मनगट दिसते. वसतिगृहात मूल चोवीस तास आपल्या स्वाधीन असते आणि पदकाच्या आशेने दुखणे लपवते. सरावाचे लेखी वेळापत्रक फलकावर लागावे, आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा आणि दुखण्याची तक्रार येताच सराव थांबवण्याचा अधिकार अधीक्षकांना असावा, क्रीडाशिक्षकांची संमती असो वा नसो. माजी विद्यार्थी दरवर्षी चषक देऊ करतात. त्यांनी यंदा उतरण्याच्या जाड गाद्या द्याव्यात.